घाटाखालचे आबा

"उलटा हात, गुरुजी! उलटा हात!"

हे वाक्य माझ्या कानावर पडलं, तोवर माझा सुलटा हात ट्रकच्या चाकामागच्या तापलेल्या ब्रेक-ड्रमवर टेकून झालेला होता. पुढचे आठ दिवस मी फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं. चौथीतल्या एका मुलानं मला कौतुकानं सांगितलं, "गुरुजी, तुमचं अक्षर आता आमच्यावाणी यायला लागलंय."

आबांनी माझ्या तळहाताला खोबरेल लावता लावता समजावलं, "तापलंय का न्हाई ते कळायला पाठीमागची कातडी पुरती. तळहात जपायचा. त्यो ष्टेरिंगला लागतो." माझ्या हाताला स्टिअरिंग लागण्याचा संभव या जन्मी नव्हता. पण खडूच्या बाबतीतही ते खरंच निघालं.

ते गाव खंबाटकी घाटाच्या साताऱ्याकडच्या पायथ्याला होतं. दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माझी तिथल्या शाळेत बदली झाली. गावाचं नाव सांगत नाही. तिथली मुलं आता मोठी झाली आहेत आणि त्यांना भूगोल मी शिकवलेला आहे. पुण्याहून येणारे ट्रक घाट उतरले की पहिला श्वास आमच्या गावात घ्यायचे. रस्त्याच्या कडेला एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, चार बाजा आणि एक भज्यांची कढई. त्याच्या पुढ्यात शेवग्याच्या झाडाखाली, पालथ्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर आबा बसलेले असत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी संपते, पण ड्यूटी संपत नाही. आबांनी आधी लष्करात ट्रक चालवले, मग निरनिराळ्या ट्रान्सपोर्टांत. आता शेती भाऊ बघत होता. बायको वारली होती. एकुलती लेक विट्याला दिलेली, आणि जावई सोनं गाळायच्या धंद्यात दूर दक्षिणेत. आबांना कुणीही कसलंही काम सांगितलेलं नव्हतं, तरी सकाळी नऊच्या ठोक्याला ते डब्यावर हजर. खाकी अर्धी विजार, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर मात्र आपली पांढरी टोपी. खालून बघितलं तर फौज, वरून बघितलं तर ग्रामपंचायत.

ट्रक थांबला की आबा उठायचे. ड्रायव्हर खाली उतरून आळोखेपिळोखे देत असायचा. आबा त्याच्याशी चकार शब्द बोलायचे नाहीत. मागच्या चाकाशी उकिडवे बसायचे, हात उलटा करून ड्रमला लावायचे, क्षणभर थांबायचे आणि परत येऊन डब्यावर बसायचे. कुणी विचारलंच तर निकाल सांगायचे. "गेरात उतरलाय." किंवा "बिरेकवर आलाय." बस्स.

त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. घाट उतरताना शहाणा ड्रायव्हर खालच्या गिअरात उतरतो. मग गाडीला इंजिनच धरून ठेवतं आणि ब्रेकला फारसं काम पडत नाही. उतावळा माणूस नुसत्या ब्रेकवर उतरतो. ड्रम तापतात, आणि फारच तापले की ब्रेक धरेनासे होतात. पुढचं सांगायला नको. आमच्या घाटाच्या तिसऱ्या वळणाखाली दरीत दोन सांगाडे गंजत पडलेले होते. ते मुलांना दाखवून मी 'दरी' हा धडा शिकवत असे.

आबा जगातली प्रत्येक गोष्ट घाटाच्या मापानं मोजत. "चढाचं मला सांगू नगा. उतरतो कसा, त्ये सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा गावातला एकजण मुलीसाठी बघितलेल्या स्थळाचं वर्णन करत होता. बागायत जमीन, कारखान्यात नोकरी, घरात म्हशी. आबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ह्ये समदं चढाचं झालं. पोरगा उतरतो कसा?" तो बिचारा मुलीचा बाप गेला आणि पाहुण्यांना हाच प्रश्न विचारून आला. पाहुणे भले होते. त्यांनी मुलाला बैलगाडीतून उतरून दाखवायला लावलं. लग्न जमलं.

दुसऱ्या एका दिवशी शाळातपासणीला साहेब येणार होते. घाटातून त्यांची जीप खाली आली आणि चहासाठी हॉटेलपाशी थांबली. मी हार घेऊन धावत होतो, तर आबांनी मला वाटेत अडवलं. ते नुकतेच चाकापासून उठत होते. "गुरुजी, सांभाळून. डायवर भेदरलेला हाय. वळणावळणाला बिरेक दाबलाय. म्हंजे सायेब मागनं वरडत आलाय." साहेब शाळेत आले आणि हार गळ्यात पडायच्या आत ओरडायला लागले. त्या दिवसापासून या माणसाच्या हाताच्या पाठीविषयी मला विलक्षण कुतूहल वाटू लागलं. त्याच कुतूहलापायी पुढच्या आठवड्यात माझा तळहात भाजला, ते वर सांगितलंच.

आता मुद्द्याचं. माझी बायको मालन, तिचं माहेर पलूसकडचं. तिचा एकुलता भाऊ दत्तू. वडील लवकर गेले, तेव्हा मालननंच त्याला कडेवर वाढवलेला. मॅट्रिकला तो दोनदा बसला आणि दोन्ही वेळा बसलेलाच राहिला. विशीत आल्यावर त्यानं जाहीर केलं, की आपण ट्रक चालवणार. सासूबाईंनी रडून घेतलं. मालन रडली नाही. ती घाटाच्या पायथ्याला राहत होती. दरीतून दोरखंडानं वर काढलेली माणसं तिनं आमच्या ओट्यावरून पाहिली होती.

ती मला म्हणाली, "त्यो काय ऐकणार न्हाई. चालवायचीच तर नीट शिकून चालवू दे. चांगली कंपनी बघा. तुमी शिकलेले हाय न्हवं?"

त्या काळी ट्रक शिकायची शाळा नव्हती. एखाद्या ट्रान्सपोर्टात क्लीनर म्हणून लागायचं. गाडी धुवायची, चाकाला दगड लावायचे, उस्तादाचे पाय चेपायचे. वर्ष-दोन वर्षांनी उस्तादाच्या मनात आलं, की मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात मिळायचं. पहिली दोन वर्षं माणूस ज्या उस्तादाच्या गाडीवर काढी, त्याच्यासारखीच गाडी तो जन्मभर हाके. म्हणजे कंपनी निवडायची ती उस्ताद निवडण्यासाठी. हे तेव्हा मला कुठून ठाऊक? मी आपला शाळामास्तर. मी शंभर गुणांचा तक्ता केला. इमारत, गाड्या, शिस्त, काटकसर.

सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका मोठ्या ट्रान्सपोर्टाला मी अठ्ठ्याहत्तर गुण दिले. टेबलावर काच होती. गाड्या नव्या कोऱ्या, ड्रायव्हरांना खाकी गणवेश. मॅनेजरनं मला कपबशीत चहा दिला, आणि शेठची मोटार आली तेव्हा सगळे एकदम उभे राहिले. मीही राहिलो. शिस्तीला वीसपैकी वीस. मॅनेजर म्हणाला, "जो ड्रायव्हर वर्षात सगळ्यांत जास्त डिझेल वाचवील, त्याला दिवाळीत आम्ही ट्रान्झिस्टर रेडिओ देतो." काटकसरीलाही पैकीच्या पैकी. दत्तू तर गणवेश बघूनच हरखला. 'दोन महिन्यांनी, एक तारखेला हजर व्हा' हे मी मान्य करून आलो. सासूबाईंनी अख्ख्या पलूसला सांगून टाकलं.

हे सगळं मी मोठ्या ऐटीत आबांना सांगितलं. त्यांनी तक्ता हातात घेतला, उलटा धरला, परत दिला.

"कचेरी बघितली. गाडी बघितली?"

"नव्या आहेत आबा. सगळ्या."

"उतरताना बघितली का?"

मग रविवारी मी त्यांच्या शेजारी दुसऱ्या डब्यावर बसलो. उमेदवार मीच असल्यासारखा मी सदरा सारखा करत होतो. दुपारी त्या कंपनीची गाडी घाटातून आली. मी खरोखर खूश झालो. बाकीचे ट्रक कसे गुरगुरत, रेकत उतरत होते. ही मात्र पाण्यावरून होडी यावी तशी आली. मी म्हणालो, "बघा आबा. नव्या गाडीची गोष्टच वेगळी. आवाज म्हणून नाही."

"आवाज येत न्हाई न्हवं?"

"अजिबात नाही."

"मग इंजान कुठं हाय?"

मी बोनेटकडं बोट दाखवलं. आबांनी कपाळाला हात लावला. मग मला चाकापाशी घेऊन गेले. जवळ जायचीही गरज नव्हती, जळक्या रबरासारखा वास चार पावलांवरून येत होता. ते म्हणाले, "माथ्यावर इंजान बंद केलं. गेर काडला. तितनं हितवर गाडी वजनानं आलीया, गुरुजी. फुकाट. थेंब जळला न्हाई. त्येला रेडू मिळंल. आन् शेजारी बसून जे पोरगं शिकतंय, त्येला काय मिळंल?"

त्या क्लीनरला मी पाहिलं. दत्तूएवढाच होता. ड्रायव्हर बाजेवर बसून जेवत होता आणि तो चाकाला दगड लावून, हात पुसत, उस्तादाचं जेवण संपायची वाट बघत उभा होता. माझ्या अठ्ठ्याहत्तर गुणांतले किती शिल्लक राहिले, ते मी मोजलं नाही.

त्यानंतर दर रविवारी आम्ही डब्यांवर. मालन ओट्यावरून विचारायची, "सापडला का उस्ताद?" एक तारीख जवळ येत होती. आबा निकाल देत होते. हा ब्रेकवर, तो ब्रेकवर, हा बरा पण पिणारा, तो चांगला पण क्लीनरला मारतो. क्लीनरला मारतो हे ड्रमवरून कसं कळतं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्ये पोराकडं बघून कळतंय. समदं ड्रमावर लिवलेलं नसतंय."

या बैठकांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हिरव्या तोंडाचा एक जुना ट्रक आठवड्यातून एकदा यायचा. सांगलीहून हळद घेऊन वर जायचा, येताना सिमेंट नाहीतर खत घेऊन उतरायचा. घाटात तो असा गुरगुरत असे, की भजी तळणारा कढईत नवा घाणा सोडायचा, त्याला वेळ कळायची. आबा आल्या-गेल्या प्रत्येक गाडीला हात लावत. एकदा तर चुकून वरातीच्या मोटारीलासुद्धा लावला होता. पण हा हिरवा ट्रक थांबला की ते उठून हॉटेलच्या आत, अगदी मागच्या बाकावर जाऊन बसत. गाडी गेली की बाहेर.

पहिल्यांदा मला वाटलं, योगायोग. तिसऱ्यांदा मी हॉटेलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "लय वर्सं झाली. असंच हाय. मी काय इचारलं न्हाई. उगं कशाला?"

मास्तरला 'उगं कशाला' हे कारण पुरत नाही. पुढच्या खेपेला मी एकटाच त्या ट्रककडं गेलो. मालक आणि ड्रायव्हर एकच, शिदू नावाचा, चाळिशीच्या आतला, मिरजेकडचा, रुंद खांद्यांचा माणूस. तो आणि त्याचा क्लीनर एकाच बाजेवर, एकाच फडक्यातली भाकरी खात बसले होते. मी खिशातला रुमाल पडल्याचं निमित्त करून खाली वाकलो आणि चाकाच्या आत हात घातला. उलटा. चार महिन्यांत तेवढी प्रगती झाली होती. ड्रम कोमट होता, दुभत्या म्हशीच्या पाठीसारखा.

"बरा हाय का?" शिदूनं वरून विचारलं.

मी रुमाल झटकत उभा राहिलो. पकडले गेल्यावर खरं बोलणं सोपं असतं. मी दत्तूची हकिगत सांगितली. तो म्हणाला, "माझ्याकडं शिकायचं म्हंजे येळ लागतो, गुरुजी. ह्यो माझा गडी आता दोन म्हैन्यात स्वताची गाडी धरंल, मग जागा हाय. पर एक नेम हाय. ष्टेरिंग देयाच्या आदी मी गड्याला ह्यो घाट पायानं उतरायला लावतो. माथ्यापासनं हितवर. पायानं उतरल्याबिगर चाकानं उतरायचं न्हाई."

"हे कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाई. मीच एकदा उतारलो हुतो. उस्तादाच्या गाडीतनं उडी टाकून." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "त्या दिशी कळलं, घाट केवढा हाय त्ये. वर बसून कळत न्हाई."

"कुठले उस्ताद?"

शिदूनं हॉटेलच्या आतल्या अंधाराकडं हनुवटी उडवली. "आत च्या पित्यात न्हवं का, त्येच."

मी दत्तूसाठी पुन्हा गळ घातली. त्यानं भाकरीचं फडकं झटकून घडी केली. मग म्हणाला, "ह्या गावातनं मानूस मी घ्यायचं तर उस्तादांनी सांगायला पायजे. ह्यो घाट त्यांचा हाय. त्यांच्या शब्दाबिगर न्हाई घेनार."

आता तुम्हीच सांगा, कुतूहलानं माणूस फुटायचा राहील का? मी संध्याकाळी आबांच्या खोलीवर गेलो. ते विजारीला तांब्यानं इस्त्री करत होते, तांब्यात निखारे घालून. मी शिदूचं नाव घेतलं, तशी इस्त्री थांबली. बराच वेळ थांबली. विजार जळायला लागली, तेव्हा आबांनी तांब्या उचलला.

"त्येनं काय सांगितलं?"

"काही नाही. उडी टाकून चालत उतरलो, एवढंच."

"एवढंच म्हनला?"

"एवढंच."

आबा भिंतीला टेकून बसले. "आमच्या शेठनं बी असंच काडलं हुतं, गुरुजी. डिझेल वाचवा, रेडू घ्या. मी मिल्ट्रीतला. मला वाटायचं, आपल्यावानी हात कुनाचा न्हाई. माथ्यावर इंजान बंद करायचं, सोडायची गाडी. रोजचंच झालं हुतं. शिदू तवा माझ्याकडं किलीनर. दोनदा म्हनला, उस्ताद, गेरात घ्या. मी म्हनलं, भ्या वाटत आसंल तर उतर खाली." त्यांनी तांब्या बाजूला सरकवला. "आन् त्यो उतारला की वं. वळणाला गाडी जरा दमली, तवा टाकली उडी. मी हसलो. पुढल्या वळणाला बिरेक दाबला, तर पाय निस्ता पान्यात गेल्यागत. खाली खडीचा ढीग हुता, त्यात घातली, म्हनून ऱ्हायलो."

"आणि शिदू?"

"तासाभरानं चालत आला. अनवानी. चप्पल कुटं गेली कुनास ठावं. काय बोलला न्हाई. चाकाला दगड लावलं, इहिरीवरनं पानी आनलं, मला पाजलं. शेठला सांगितलं न्हाई, कुनालाच सांगितलं न्हाई. म्हैना झाल्यावर दुसरीकडं गेला. दिवाळीला रेडू मला मिळाला."

मी म्हणालो, "मग भांडण कसलं?"

"भांडान कुटं हाय?" आबा चिडून म्हणाले. "त्येनं चारचौघांत दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी बी दोन दिल्या असत्या. मिटलं असतं. त्यो काय बोललाच न्हाई. आता त्येच्याम्होरं जाऊन त्येच्या गाडीला हात लावू? कुठल्या तोंडानं? शिकवला मी, आन् शिकून आला त्यो."

मी घरी येऊन मालनला सगळं सांगितलं. आबांची दया मला फार आली होती, आणि ती मी जरा रंगवून सांगत होतो. तिनं मध्येच विचारलं, "म्हंजे त्यो शिदू चांगला उस्ताद हाय?"

"हो, पण आबा..."

तिनं पदर खोचला आणि निघाली. मी मागून. आबांच्या दाराशी उभी राहून ती म्हणाली, "आबा, मला तुमच्या घाटातलं काय कळत न्हाई. एक तारखेला दत्तूला त्या बिनआवाजाच्या गाडीत बसवू का नको, तेवढं सांगा. तुमी बसव म्हणाला तर बसवते. हात लावून समद्या मुलखाला सांगता, मला तोंडानं सांगा."

आबांनी तिच्याकडं बघितलं नाही. जळलेल्या विजारीच्या घड्या घालत राहिले. ती तशीच परतली. वाटेत मी म्हणालो, "म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये." ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसानं लाजून माझा भाऊ मारू नये."

एक तारखेला चार दिवस उरले असताना हिरवा ट्रक आला. शाळेची मधली सुट्टी होती. मालन हॉटेलच्या कोपऱ्यावर उभी होती, हातात उगीचच रिकामी किटली. घाटातली गुरगुर ऐकू आली, तसे आबा उठले. सवयीनं हॉटेलच्या दारापर्यंत गेले. तिथं थांबले. मग वळले.

शिदू खाली उतरत होता. आबा त्याच्या पुढून गेले, मागच्या चाकाशी उकिडवे बसले, हात उलटा करून ड्रमला लावला. इतर गाड्यांना ते क्षणभर लावत. इथं हात तिथंच राहिला. मला वाटलं, उठतच नाहीत की काय. शिदू त्यांच्या डोक्यावर आपली सावली पडेल असा येऊन उभा राहिला.

"गेरात उतारलास," आबा चाकाकडं बघूनच म्हणाले.

"व्हय."

"एक पोरगं हाय. गुरुजींचं मेव्हणं. ठेव तुज्यापाशी."

"ठेवतो."

 मला तर रडू यायला लागलं होतं आणि शाळेची घंटा होत होती. शेवटी शिदू म्हणाला, "उस्ताद, उन्हात किती येळ बसताय? चला, च्या घिऊ." त्यानं हात पुढं केला. तो धरून आबा उठले.

सांगलीच्या कंपनीला मी पत्र पाठवलं, की मेव्हण्याची प्रकृती बरी नसते. दत्तूनं ते वाचलं आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही. गणवेश गेला, नवी गाडी गेली, मिळालं काय, तर एक म्हातारा हिरवा ट्रक आणि हळदीनं पिवळी झालेली बनियन. सासूबाईंनी विचारलं, "जावायबापू, मोठी कंपनी सोडून एका गाडीचा धनी बघितला व्हय?" मी आबांचं वाक्य ऐकवायला गेलो, "चढाचं सांगू नका," पण ते पलूसला सपाटीवर कुणाला पटलं नाही.

दत्तू घाट पायानं उतरला, त्या दिवशी सोबत म्हणून मीही गेलो. म्हणालो, भूगोल शिकवतो, एकदा बघू तरी. दुसऱ्या वळणाला माझ्या गुडघ्यांनी मला सोडलं. तिसऱ्या वळणाला दत्तू थांबला आणि खालच्या सांगाड्यांकडं बराच वेळ बघत राहिला. त्यानंतर त्यानं गणवेशाचं नाव काढलं नाही. माझ्याशीही बोलायला लागला. खरं तर, मला खांद्याचा आधार देत खाली आणताना त्याला बोलणं भागच होतं.

दीड वर्ष गेलं. आबा आता हिरव्या ट्रकच्या दिवशी आत जात नसत. उलट त्या दिवशी टोपी धुतलेली असे. शिदू, दत्तू आणि ते एकाच बाजेवर बसत, आणि घाटातल्या वळणांवरून असे वाद घालत की भजी थंड होत. तापलेला नसतानाही ते ड्रमला हात लावत. मी म्हणालो, "आता कशाला? ठाऊक आहे ना?" म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वं. बरं वाटतं."

मग विट्याहून लेक आली. जावयाचा तिकडं जम बसला होता, आबांना घेऊन जायचंच म्हणून ती हटून बसली. दक्षिणेतल्या कुठल्याशा मोठ्या शहरात, जिथं आजूबाजूला एकही घाट नाही. आबांनी आठ दिवस नकार दिला, नवव्या दिवशी बूट धुतले. विट्यापर्यंत शिदूच्या गाडीतून जायचं ठरलं, पुढं रेल्वे. लेक आदल्या दिवशी एसटीनं पुढं गेली.

ते परत आले नाहीत. दोन दिवाळ्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. त्यात दर वेळी एकच चौकशी असायची, की घाटात कुणाची गाडी गेली का. मग कार्ड आलं ते लेकीचं. हॉटेलपुढचा पालथा डबा काही दिवस तसाच होता. पुढं त्यावर भजीवाल्यानं पिठाची परात ठेवायला सुरुवात केली.

पण मला सांगायचं आहे ते आबा गावातून निघाले त्या सकाळचं. दत्तूला लायसन मिळून पंधरवडा झाला होता. शिदूनं किल्ली त्याच्या हातात दिली आणि स्वतः मध्ये सरकून बसला. आबा डावीकडं, क्लीनरच्या जागेवर, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन. मालन ओट्यावर उभी होती. दत्तूला गाडी चालवताना तिनं आजवर एकदाही बघितलं नव्हतं. गाडी येताना दिसली की ती आत जायची. आज आबा चालले होते, म्हणून तिला बाहेर यावंच लागलं. दीड वर्ष ती धड झोपली नव्हती. घाटात हॉर्न वाजला की उठून बसायची.

गाडी हलली. मी भर रस्त्यात उभा राहून दोन्ही हात हलवत होतो, मुलं ओरडत होती, शिदूनं आतूनच हात हलवला. गाडी ओढ्यावरच्या पुलापाशी वळली आणि दिसेनाशी झाली. मी डोळे पुसत ओट्यावर आलो. मेव्हण्याचं कौतुक ऐकायला मी उत्सुक होतो, कारण त्यातलं थोडंसं मलाही मिळण्यासारखं होतं. विचारलं, "बघितलंस? कसा वळवला पुलावर!"

मालन अजून पुलाकडंच बघत होती.

"मी त्येच्याकडं बघतच नव्हते," ती म्हणाली. "आबांच्याकडं बघत हुते. तुमी हात हलवत हुता, तवा त्यांनी मान खिडकीला टेकून डोळं मिटलं. पूल यायच्या आतच. झोपले हुते, आवं. दत्तू चालवत हुता, आन् आबा झोपले हुते."